सीसीटीव्हीच्या दरपत्रकात क्रिंपिंग टूलचीही एक ओळ हवी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की ठाणे आणि नवी मुंबईतील गृहनिर्माण सोसायट्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या दुरुस्तीची आणि नव्या जोडणीची दरपत्रके मागवू लागतात. गेली एकोणीस वर्षे मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात नेटवर्क केबलिंगचे काम करीत असल्यामुळे अशी असंख्य दरपत्रके माझ्या हातून गेली आहेत. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, हार्ड डिस्क किती टेराबाइटची, केबल किती मीटर, हे सारे त्यांत बारकाईने लिहिलेले असते. केबलच्या प्रत्येक टोकाला जो आठ पिनांचा पारदर्शक आरजे ४५ कनेक्टर बसतो, तो कोणत्या हत्याराने दाबला जाणार आहे, याविषयी मात्र मी आजवर एका ओळीचाही उल्लेख पाहिलेला नाही. या हत्याराची, म्हणजे क्रिंपिंग टूलची, निवड किती महत्त्वाची आहे हे सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना आणि या व्यवसायात नव्याने येणाऱ्या मुलांना कळावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आधी माझ्याच कामातील एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी घणसोलीतील एका सोसायटीत आम्ही सोळा कॅमेरे बसवले होते. पहिल्याच पावसाळ्यात मुख्य फाटकावरचा कॅमेरा रोज अंधार पडल्यावर बंद पडू लागला आणि सकाळी आपोआप सुरू होऊ लागला. आम्ही कॅमेरा बदलला, स्विचचा, म्हणजे सर्व केबली जिथे येऊन मिळतात आणि जिथून त्याच केबलमधून कॅमेऱ्यांना वीजही जाते त्या पेटीचा, पोर्ट बदलला, अखेर स्विचचा वीजपुरवठाही बदलला, तरी दोष जागेवरच होता. तिसऱ्या खेपेला खांबावरचा डबा उघडून कनेक्टर कापून आणला आणि भिंगाखाली धरला, तेव्हा सात सोनेरी पिना एका रेषेत खाली बसलेल्या दिसल्या. आठवी, तपकिरी तारेवरची पिन मात्र केसभर वर राहिली होती आणि शेजारची सातवीही पुरती रुतलेली नव्हती. त्या स्विचमधून कॅमेऱ्याला वीज जात होती ती चौथी-पाचवी आणि सातवी-आठवी या दोन जोड्यांतून. चित्र वाहून नेणारा डेटा पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी या पिनांवरून जात असल्यामुळे दिवसा कसलीच तक्रार नव्हती. रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की विजेची मागणी वाढे, तो सारा भार अर्धवट टेकलेल्या एका सातव्या पिनेवर येई, विजेचा दाब घसरे आणि कॅमेरा बंद पडे. आमची क्रिंपिंगची पक्कड जुनी झाली होती. तिची बिजागरी सैल पडून जबडा एका बाजूला कमी दाबत होता आणि ते आमच्या लक्षात आले नव्हते. त्या सोसायटीतील बत्तीसच्या बत्तीस कनेक्टर आम्ही स्वखर्चाने नव्याने मारले.

क्रिंपिंग म्हणजे नुसते दाबणे, असा समज आपल्या बाजारात पक्का झाला आहे. प्रत्यक्षात त्या एका दाबात दोन कामे एकाच वेळी व्हावी लागतात. पहिले म्हणजे आठही धातूच्या पातींनी तारांचे प्लास्टिक भेदून तांब्याला घट्ट धरणे, आणि दुसरे म्हणजे कनेक्टरच्या मागच्या बाजूचा प्लास्टिकचा आडवा दांडा केबलच्या बाहेरच्या आवरणावर बसणे, म्हणजे केबल ओढली गेली तरी ताण तारांवर येत नाही. दाबल्यानंतर पिनेची उंची कनेक्टरच्या तळापासून ६.०२ मिलिमीटर असावी आणि त्यात ०.१३ मिलिमीटरपेक्षा अधिक फरक पडू नये, असे प्रमाण आंतरराष्ट्रीय मानकांत ठरलेले आहे. घणसोलीच्या त्या कनेक्टरची आठवी पिन मी बारीक टोकांच्या मायक्रोमीटरने मोजली, तेव्हा ती ६.२८ मिलिमीटर भरली. एवढ्याशा फरकाने काय होते, असे पुष्कळांना वाटते. अशी वर राहिलेली पिन स्वतः नीट वीज वाहत नाहीच, शिवाय ती ज्या सॉकेटमध्ये घातली जाते त्याची नाजूक स्प्रिंग प्रमाणाबाहेर वाकवते. ती स्प्रिंग एकदा दबली की पुढे चांगला कनेक्टर घातला तरी नीट टेकत नाही. म्हणजे काही रुपयांच्या कनेक्टरवरचा अर्धवट दाब काही हजारांच्या स्विचचा पोर्ट घेऊन जातो.

म्हणून टूल घेताना माझ्या मते सर्वांत आधी रॅचेट पाहावा. रॅचेट असलेल्या टूलची मूठ दाब पूर्ण होईपर्यंत उघडतच नाही, त्यामुळे सकाळचा पहिला कनेक्टर आणि संध्याकाळी हात दुखू लागल्यावर मारलेला शंभरावा कनेक्टर यांच्यावर सारखाच दाब येतो. चांगल्या टूलमध्ये मध्येच सोडवण्यासाठी एक छोटी कळही असते. रॅचेट नसलेल्या पकडीत दाब सर्वस्वी माणसाच्या मनगटावर अवलंबून राहतो, आणि शिडीवर उभे राहून एका हाताने काम करणाऱ्या मुलाचे मनगट किती दाब देईल याची खात्री कोणीही देऊ शकत नाही. त्यानंतर जबडा पाहावा. पत्र्याच्या सांगाड्याची किंवा प्लास्टिकच्या शरीराची पक्कड दाब देताना स्वतःच किंचित वाकते आणि कडेची पिन कमी दबते. पोलादी सांगाडा, बाजूला न हलणारी बिजागरी आणि शक्यतो सरळ रेषेत, समांतर मिटणारा जबडा असेल, तर आठही पिनांना सारखा न्याय मिळतो. पाती आणि दात सुटे बदलून मिळतात का, हेही दुकानदाराला विचारावे, कारण बोथट झालेली पात बदलता येत नसेल तर ते टूल वर्षभरात फेकण्याच्या लायकीचे होते.

याची परीक्षा दुकानातच करता येते. ठाणे स्टेशनजवळच्या गल्ल्यांत असो, वाशीत असो किंवा थेट लॅमिंग्टन रोडला जाऊन असो, मी आता टूल विकत घेताना नेहमीच्या वापरातली हातभर केबल आणि पाच-सहा कनेक्टर बरोबर नेतो. काउंटरवरच तीन कनेक्टर मारतो, उजेडाकडे धरून आठही पिनांची टोके एका रेषेत आहेत का ते पाहतो, आणि आवरणावरचा दांडा पुरता बसला आहे का ते केबल ओढून बघतो. दुकानदार कधी कुरकुर करतात, पण ज्याला आपल्या मालाची खात्री आहे तो नाही म्हणत नाही. पाकिटावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव, पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि आयात मालावर मूळ देश छापणे वैधमापनशास्त्राच्या २०११ च्या आवेष्टित वस्तूंविषयीच्या नियमांनुसार आवश्यक आहे. यांतले काहीच नसलेल्या पाकिटातले टूल मी हातातही घेत नाही, कारण बिघडल्यावर ते परत कोणाकडे न्यायचे हेच कळत नाही.

उत्तम टूलही चुकीच्या कनेक्टरला वाचवू शकत नाही. भिंतीतून जाणाऱ्या केबलमध्ये प्रत्येक तार अखंड तांब्याची असते आणि उपकरणे जोडायच्या लवचिक तयार केबलमध्ये, म्हणजे पॅच कॉर्डमध्ये, ती अनेक बारीक धाग्यांची असते. अखंड तारेला दोन्ही बाजूंनी कवेत घेणाऱ्या तीन दातांच्या पिनेचा कनेक्टर लागतो, तर धाग्यांच्या तारेत सरळ घुसणाऱ्या दोन दातांच्या पिनेचा. कॅट ६ या नव्या प्रकारच्या केबलची तार जुन्या कॅट ५ई पेक्षा जाड असल्यामुळे ती जुन्या कनेक्टरच्या छिद्रात ओढूनताणून बसवली, तर टूलने कितीही चांगला दाब दिला तरी जोड कच्चाच राहतो. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या स्वस्त केबलबद्दल तर बोलूच नये. ती मानकांत बसतच नाही आणि कॅमेऱ्यांना वीज पोहोचवण्यासाठी ती वापरणे मला धोक्याचे वाटते.

अलीकडे आरपार कनेक्टर बरेच आले आहेत. त्यांत तारा पुढून बाहेर येतात, रंगांचा क्रम दाबण्याआधी डोळ्यांनी तपासता येतो आणि टूलच दाबता दाबता पुढची टोके कापून टाकते. नवशिक्याला ते सोयीचे आहेत हे मी मान्य करतो. परंतु त्यांच्यासाठी कापणारी पात असलेले वेगळे टूल लागते, आणि ती पात बोथट झाली की तांबे स्वच्छ कापले न जाता शेजारच्या तारेकडे ओढले जाते. शिवाय कनेक्टरच्या तोंडाशी उघडे राहिलेले तांबे खाडीच्या दमट हवेत फार लवकर हिरवे पडते. त्यामुळे उघड्यावरच्या कॅमेऱ्यांसाठी मी अजूनही बंद तोंडाचाच कनेक्टर वापरतो.

काम झाल्यावर कंत्राटदार केबल तपासणाऱ्या टेस्टरचे आठ दिवे एकामागून एक पेटवून दाखवतो आणि पदाधिकारी सही करतात. ते दिवे तार या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहोचली एवढेच सांगतात, पिन किती खोल बसली हे सांगत नाहीत. जोड्या फुटल्या असल्या, म्हणजे एका पिळाच्या तारा दोन वेगवेगळ्या जोड्यांत विभागल्या गेल्या, तरी दोन्ही टोकांना क्रम सारखाच असल्यास दिवे क्रमानेच पेटतात. १०० एमबीपीएसच्या वेगाला तारांच्या दोन जोड्या पुरतात, त्याच्या दहापट म्हणजे गिगाबिटच्या वेगाला चारही लागतात. त्यामुळे घरात गिगाबिटचे पैसे भरूनही वेग शंभराच्या आसपास अडकत असेल, तर सेवा देणाऱ्या कंपनीला दोष देण्याआधी निळ्या आणि तपकिरी जोडीच्या पिना एकदा भिंगाखाली पाहाव्यात.

मला सर्वांत जास्त खंत वाटते ती शिकणाऱ्या मुलांबद्दल. माझ्याकडे कामाला येणारी बहुतेक मुले कुठला ना कुठला हार्डवेअर-नेटवर्किंगचा अभ्यासक्रम करून आलेली असतात. त्यांना पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा हा क्रम झोपेतही म्हणता येतो, पण वीस जणांत एक अशी, रॅचेट नसलेली, दात झिजलेली पक्कड त्यांच्या हाती दिलेली असते. कनेक्टर बसला नाही की मुलगा समजतो आपलाच हात कच्चा आहे, आणि आणखी जोर लावून प्लास्टिक फोडतो. मागच्याच महिन्यात आलेल्या कळव्याच्या एका मुलाने पहिल्या दिवशी अकरा कनेक्टर वाया घालवले आणि तो रडवेला झाला. त्याच्या हातात रॅचेटचे टूल दिल्यावर बाराव्यापासून एकही वाया गेला नाही. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांनी चार मुलांमागे एक चांगले टूल ठेवले, तर तो खर्च वाया गेलेल्या कनेक्टरांतूनच भरून निघेल असे माझा अनुभव सांगतो.

सोसायट्यांना माझी विनंती एवढीच आहे की यंदाच्या दरपत्रकात तीन गोष्टी लिहून मागाव्यात: टूल रॅचेटचे आहे का, कनेक्टर केबलच्या प्रकाराला जुळणारा आहे का, आणि काम संपल्यावर कोणतेही दोन कनेक्टर कापून दाखवले जातील का. ज्यांचे कॅमेरे आधीच बसलेले आहेत त्यांनी जूनच्या आत फाटकावरच्या आणि गच्चीवरच्या डब्यांतला प्रत्येकी एक कनेक्टर काढून तिरप्या उजेडात धरावा. आठ पिनांपैकी एखादी वर आलेली किंवा हिरवी पडलेली दिसली, तर त्या डब्यातले सगळेच कनेक्टर बदलून घ्यावेत.

आपला विश्वासू,
एक केबलिंग व्यावसायिक,
कोपरखैरणे, नवी मुंबई