ई-कचऱ्याच्या काट्याआधी एक टेबल मांडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शहरात नुकत्याच झालेल्या ई-कचरा संकलन मोहिमेची बातमी आपल्या दैनिकात वाचली. टेम्पोत रचलेल्या जुन्या टीव्हींचा फोटोही पाहिला. घराघरातला असला माल नाल्यात न जाता योग्य ठिकाणी जावा, याबद्दल दुमत असण्याचं कारण नाही. पण त्या दिवशी मी त्या पटांगणात हजर होते. फोटोत जे दिसत नाही ते लिहावं, म्हणून हे पत्र.

आणलेली वस्तू चालू आहे की बंद, हे तिथं कुणीच बघत नव्हतं. वजनकाटा होता, पावतीपुस्तक होतं, पण साधा प्लगपॉइंट नव्हता. एक आजोबा चौदा इंची रंगीत टीव्ही रिक्षातून घेऊन आले होते. "परवापर्यंत चालू होता, पण घरात जागा अडवायलाय म्हणतेत," असं ते सांगत होते. दोघा पोरांनी तो सेट उचलून टेम्पोत टाकला आणि मागून फुस्स असा आवाज आला. पिक्चर ट्यूबच्या आत हवा नसते. मागची बारीक मान तुटली की हवा आत शिरते, आणि मग ती ट्यूब कुणालाच दुरुस्त करता येत नाही. चालू टीव्ही माझ्यासमोर मेला. त्याच टेम्पोत एका खोक्यात एक जुना व्हिडिओ गेम होता, दोन्ही रिमोट आणि बंदुकीसकट. मी मागितला. "काटा झाला मॅडम, आता देता येत नाही," असं उत्तर मिळालं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. जुने व्हिडिओ गेम, रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि पिक्चर ट्यूबचे टीव्ही जमवते. जमवते म्हणजे कपाटात मांडून ठेवत नाही, चालवते. ही यंत्रं चालती ठेवली तरच टिकतात, असं माझं ठाम मत आहे.

ज्या व्हिडिओ गेमबद्दल मी लिहितेय, तो चाळिशीच्या आसपासच्या प्रत्येकाला आठवत असेल. जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं जुलै १९८३ मध्ये फॅमिकॉम नावाचं यंत्र बाजारात आणलं. परभणी-हिंगोलीच्या पोरांपर्यंत ते अस्सल यंत्र कधी आलं नाही. आल्या त्या त्याच्या नकला, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांच्या. उरुसात खेळण्यांच्या दुकानांवर पिवळ्या, लाल कॅसेटी टांगलेल्या असायच्या. त्यावर '९९९९९९९ इन १' असं छापलेलं, आणि आत तेच मोजके गेम नाव बदलून पुन्हा पुन्हा. तरी ती कॅसेट ज्याच्याकडे असे, त्याच्या घरी गल्ली जमायची. हे यंत्र उघडलं तर आत एक छोटा बोर्ड आणि त्यावर काळ्या राळेचा एक थेंब दिसतो. त्या थेंबाखाली सगळा मेंदू. मूळ फॅमिकॉमला काम करायला मेमरी होती दोन किलोबाइट. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा गेम सगळा मिळून चाळीस किलोबाइटचा. मोबाइलवर रोज येणारा सुप्रभातचा फोटोसुद्धा त्याहून मोठा असतो. जागा वाचवायला त्या गेममध्ये आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपं हे एकच चित्र वापरलंय, रंग तेवढा वेगळा. मी हे वर्गात दाखवते तेव्हा मागच्या बाकावरचे हातही वर येतात. कमी साधनांत काम कसं उरकायचं, याचा इतका चांगला धडा मला पुस्तकात सापडलेला नाही.

आणि हे गेम ज्यावर खेळले गेले त्या टीव्हींचं काय? पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता. मराठवाड्यातल्या माणसांच्या हातांनी तिथं टीव्ही बनत होते. आज भंगारच्या दुकानामागे त्याच प्रकारचे सेट फोडून त्यातली तांब्याची तार काढतात आणि काच तिथंच टाकून देतात. त्या काचेत शिसं असतं, मोठ्या ट्यूबमध्ये तर किलोच्या हिशेबानं. ट्यूबच्या आतली पूडही श्वासात जाऊ नये अशी. तेव्हा फोडाफोडीपेक्षा रीतसर संकलन कधीही बरं, हे मी मान्य करते. माझी तक्रार फक्त चालू आणि बंद यांना एकाच मापानं तोलण्याविरुद्ध आहे.

कुणी म्हणेल, आता हे सगळे गेम मोबाइलवर फुकट मिळतात, मग ही खोकी कशाला? त्या खोक्यातल्या बंदुकीचंच उदाहरण घ्या. बदक दिसलं की चाप ओढायचा आणि बदक पडायचं. लहानपणी वाटायचं, बंदुकीतून काहीतरी सुटतं. सुटत काहीच नाही. बंदुकीच्या नळीत एक भिंग आणि उजेड ओळखणारा एक सुटा भाग असतो. चाप ओढला की पडदा क्षणभर पूर्ण काळा होतो, आणि लगेच पुढच्या चित्रात बदकाच्या जागी फक्त एक पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीला काळ्यानंतर पांढरं दिसलं तर नेम बरोबर. हा सगळा व्यवहार सेकंदाच्या काही साठाव्या-पन्नासाव्या हिश्शात होतो. पिक्चर ट्यूबचा टीव्ही चित्र आलं की त्याच क्षणी रेघ रेघ करून काढतो, म्हणून ते जमतं. आजचा एलईडी टीव्ही चित्र आधी साठवतो, सजवतो आणि मग दाखवतो. तेवढ्या उशिरात बंदूक आंधळी होते. म्हणजे जुना टीव्ही गेला की हा गेमही गेला, यंत्र कितीही शाबूत असलं तरी.

बारावीच्या वर्गात मी हा सेट नेते. मोबाइलच्या स्लो मोशन कॅमेऱ्यातून पोरं टीव्हीकडे बघतात आणि उजेडाचा पट्टा वरून खाली सरकताना त्यांना प्रत्यक्ष दिसतो. एरवी डोळ्यांना सलग वाटणारं चित्र सेकंदाला पन्नास वेळा असं खरडलं जातं, हे मग सांगावं लागत नाही. काळ्या-पांढऱ्या सेटजवळ चुंबक नेला की चित्र वाकतं. चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन वळतो, हे वाक्य तिथं डोळ्यांसमोर घडतं. (हा प्रयोग रंगीत सेटवर कुणी करू नये. आतली जाळी चुंबकित होते आणि पडद्यावर रंगाचे डाग राहतात. मागचं झाकण तर कुणीच उघडू नये. रंगीत ट्यूबला वीस-पंचवीस हजार व्होल्ट लागतात आणि बंद केल्यावरही तो झटका आत साठलेला असतो.)

मग दुरुस्ती कोण करणार? आमच्या भागात एक टीव्ही मेकॅनिक आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. व्हॉल्व्हच्या रेडिओपासून त्यांनी हात चालवलाय. माझ्याकडच्या गेमवर चित्रात आडव्या लाटा यायच्या. चाचांनी अडॅप्टर उघडला, फुगलेला कंडेन्सर बोटानं दाखवला, नवा टाकला आणि चित्र स्थिर झालं. चहाच्या किमतीचा सुटा भाग. आपल्याकडे यंत्रं खेळून बिघडण्यापेक्षा माळ्यावर ठेवून जास्त बिघडतात. पत्र्याखालचा माळा, त्यात आपला मे महिना. या कंडेन्सरच्या आत ओलसर रसायन असतं, ते उष्णतेनं सुकतं; तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. त्यातून विजेचा दाब वरखाली होणं आपल्या पाचवीला पुजलेलं, म्हणून माझे सगळे सेट स्टॅबिलायझरवर चालतात. कॅसेट लागत नसेल तर आपण सगळे तोंडानं फुंकर मारायचो. ती मारू नका. श्वासातली ओल पिनांना गंज आणते. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावून पिना पुसल्या की नव्वद टक्के कॅसेटी उठून बसतात.

सुट्या भागांसाठी पूर्वी रेल्वेनं हैदराबाद गाठून कोठीच्या गुजराती गल्लीत फिरलं की बहुतेक काही हाती लागायचं. आता बरेच भाग बनतच नाहीत. ते फक्त बंद पडलेल्या जुन्या सेटमधूनच निघतात. म्हणून बंद यंत्रालासुद्धा किंमत आहे, आणि ती चाचांसारख्या माणसाला एका नजरेत कळते. टेम्पोला कळत नाही. चाचांकडे शिकायला आज एकही पोरगा नाही. सगळे मोबाइल दुरुस्तीकडे गेले, पोटापाण्याचा प्रश्न आहे, त्यांना दोष देता येत नाही. पण आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचा ट्रेड आहे. तिथल्या मुलांनी आठवड्यातून एक दुपार चाचांजवळ काढली तरी पुष्कळ काही वाचेल.

कायदाही आड येत नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत व्हिडिओ गेमचा वेगळा उल्लेख आहे, आणि त्याच नियमांत पुनर्चक्रण करणाऱ्यांसोबत वस्तू दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांचीही नोंदणी सांगितली आहे. म्हणजे दुरुस्ती हा त्या साखळीतला मान्य टप्पा आहे. आपल्याकडच्या मोहिमा तो टप्पा ओलांडून थेट काट्यावर जातात.

हे खेळणं आहे, वारसा कसला, असंही मला तोंडावर सांगण्यात आलं. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जे संग्रहालय पाहायला लांबून अभ्यासक येतात, ते रामलिंगप्पा लामतुरे या एका माणसाच्या संग्रहातून उभं राहिलं. पैठणचं संग्रहालयही बाळासाहेब पाटलांच्या संग्रहातून. शेतात, पांढरीत सापडलेली मातीची खेळणी, मणी, भांडी गोळा करत ही माणसं फिरायची तेव्हा गावानं त्यांनाही हेच विचारलं असणार. अमेरिकेत अटारी कंपनीनं १९८३ साली न विकलेल्या गेमच्या कॅसेटी न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्दोच्या कचरा डेपोत पुरल्या. २०१४ मध्ये तीच जागा खणून त्या बाहेर काढल्या, आणि त्यातली एक आज स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. तिथल्याच व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ साली दाखवून दिलं, की २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात कुठल्याच रूपात मिळत नाहीत. जिथं कंपन्या आहेत, कागदपत्रं आहेत, तिथली ही गत. आपल्याकडच्या नकली यंत्रांची तर नोंद ठेवायलाही कुणी नाही. कुठल्या गावात कुठल्या नावाचा गेम विकला जायचा, कॅसेटीवर काय छापलेलं असायचं, हे फक्त त्या वस्तूंवरूनच कळणार आहे.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आपण अभिमानानं म्हणतो. त्या जर्मनीत, बर्लिनला, १९९७ साली सुरू झालेलं संगणकीय खेळांचं स्वतंत्र संग्रहालय आहे आणि तिथं जुनी यंत्रं लोकांना हाताळायला मिळतात. परभणीला इमारत नको, जिल्हा ग्रंथालयात एक खोली मिळाली तरी चालेल. दोन टीव्ही, चार गेम, एक रेडिओ, एक टेपरेकॉर्डर, सगळं चालू. शनिवारी लेकरांनी यावं, शेजारी शेजारी बसून एक गेम दोघांनी खेळावा. माझ्या घरी हे मी रोज बघते. मोबाइलवर मान खाली घालून एकटं बसणारं लेकरू हातात तारेचा रिमोट आला की शेजारच्याशी बोलायला लागतं. 'तू वरून ये, मी खालून येतो' असं ठरवायला लागतं. मध्ये जाहिरात येत नाही, कुणी पैसे मागत नाही, आणि तीन जीव संपले की दुसऱ्याचा नंबर लागतो. पालक मला विचारतात, की हेही व्यसनच नाही का? मला तसं दिसलेलं नाही. हा खेळ संपतो आणि लेकरं उठून बाहेर जातात.

तेव्हा महापालिकेला आणि मोहीम घेणाऱ्या संस्थांना आपल्या दैनिकाद्वारे माझी विनंती आहे, की पुढच्या वेळी वजनकाट्याच्या आधी एक टेबल मांडा. त्यावर वीज, स्टॅबिलायझर आणि तपासायला बसलेला एक मेकॅनिक असावा. जे चालू निघेल ते मालकाच्या संमतीनं शाळा, आयटीआय, ग्रंथालय यांच्यासाठी बाजूला काढावं. जे बंद असेल त्यातलं उपयोगी तेवढं मेकॅनिकनं सांगावं, आणि उरलेलं खुशाल काट्यावर जावं. टीव्ही टेम्पोत चढवताना मान आतल्या बाजूला ठेवावी, एवढं हमालांना सांगितलं तरी कितीतरी ट्यूब वाचतील.

चाचांशी बोलणं झालं आहे. ते दिवसभर बसायला तयार आहेत, पाठीची खुर्ची तेवढी हवी म्हणतात. तपासणीसाठी चालू टीव्ही, स्टॅबिलायझर आणि साठ पिनांच्या चांगल्या कॅसेटी मी आणीन; माझे काही विद्यार्थीही येतील. मोहिमेची तारीख आपल्या दैनिकात आठवडाभर आधी छापून आली तर माळ्यावरची खोकी उतरवायला लोकांना वेळ मिळेल. खोकं उतरवल्यावर टीव्हीच्या रिमोटमधले, रेडिओतले जुने सेल आधी काढून टाकावेत, ते पाझरून आतला बोर्ड खातात. आणि गेमचा अडॅप्टर, वायर आणि बंदूक त्याच खोक्यात राहू द्यावी. सुटी झालेली बंदूक कुठल्या यंत्राची, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

आपली,
एक शिक्षिका व वाचक,
परभणी