सर, तुमची वही माझ्याकडे राहिली आहे

प्रिय सर,
सा. न. वि. वि.

निळ्या पुठ्ठ्याची, आखीव कागदाची छोटी वही. लेहच्या विमानतळावर सामानाची उलथापालथ चालली होती तेव्हा ती माझ्या जाडजूड जॅकेटच्या आतल्या खिशात होती. घरी येऊन जॅकेट धुवायला काढलं तेव्हा सापडली. ट्रिपच्या ग्रुपवर तुम्ही नव्हतात, आणि आयोजकांकडे असलेला तुमचा नंबर आता लागत नाही. तुम्ही साताऱ्याचे, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, एवढंच मला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र असं उघडपणे लिहिते आहे. तुमच्या एखाद्या विद्यार्थ्याच्या नजरेला पडलं तर तुमच्यापर्यंत पोचेल.

12 ऑगस्ट 2023. अधिक श्रावणातली एकादशी. लडाखमधल्या झंस्कार नदीवर राफ्टिंगचा आपला तिसरा दिवस. सकाळच्या मोठ्या रॅपिडमध्ये, म्हणजे नदीच्या उसळत्या खळाळात, मी राफ्टमधून फेकली गेले, ते तुम्ही पाहिलंच होतं. सेफ्टी कयाकवाल्या मुलाने मला मिनिटाभरात गाठलं असेल. हिमनद्यांचं वितळलेलं, राखाडी, गाळाने जड झालेलं ते पाणी नाकातोंडात गेलं आणि काही क्षण वर कुठे, खाली कुठे हेच कळेना. राफ्टमध्ये ओढून घेतल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही हसले. पण दुपारी वाळूवर तंबू पडले आणि सगळे आपापल्या कामाला लागले, तेव्हा माझ्या आत काहीतरी थरथरायला लागलं ते थांबेना. दोन्ही बाजूंना सरळसोट कडे, मध्ये नदी, आणि तिचा आवाज एक क्षणही बंद होत नाही. अजून दोन दिवस याच पाण्यातून जायचं होतं आणि ती रात्र त्याच्या काठावर काढायची होती.

चहाच्या वेळी मी कप दोन्ही हातांनी धरला होता, तरी चहा सांडत होता. तुम्ही शेजारी येऊन बसलात. राजगिऱ्याची वडी काढून अर्धी माझ्या हातावर ठेवलीत, कारण माझा उपास आहे हे तुम्ही सकाळी ऐकलं होतंत. काय झालं, भीती वाटते का, असलं काही विचारलं नाहीत. एकच विचारलंत, “अक्षर कसं आहे तुमचं?”

“बरं आहे,” मी म्हटलं.

“मग आज रात्री लेखनिक तुम्ही.”

सर, आभार मानायचे आहेत ते सगळ्यात आधी या प्रश्नाचे. त्या दिवशी घाबरू नकोस असं मला किमान सहा जणांनी सांगितलं. प्रेमानेच सांगितलं. प्रत्येक वेळी भीती थोडी वाढली. तुम्ही मला काम दिलंत.

जेवणं उरकल्यावर तुम्ही सगळ्यांचे हेडलॅम्प बंद करायला लावलेत. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीन कागद रबरबँडने बांधलात आणि तो माझ्याकडे दिलात. अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि पांढरा उजेड एकदा जरी डोळ्यांत गेला तरी सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं, हे तुम्ही इतक्या काकुळतीने सांगितलंत की गटातल्या मुलांनी खरोखरच फोन तंबूत नेऊन ठेवले. आपण ताडपत्रीवर उताणे झालो. चंद्र पहाटे उगवणार होता. हळूहळू कड्यांची काळी किनार दिसू लागली आणि त्या किनारींच्या मधल्या पट्ट्यात, नदीच्या डोक्यावर, आकाशगंगा. मला आधी तो ढग वाटला.

“ढग नाही,” तुम्ही म्हणालात. “ढग सगळे आपल्याकडे आहेत, महाबळेश्वरला.”

हिमालयाच्या आडोशाला इथवर पाऊस पोचत नाही, हवा विरळ आणि कोरडी, म्हणून हानलेची वेधशाळासुद्धा लडाखमध्येच, साडेचार हजार मीटरवर. आपल्याकडे श्रावणात चांदणं दिसायची मारामार, म्हणून ययाती तारकासमूहातून येताना दिसणारा उल्कावर्षाव तुम्ही आयुष्यभर फक्त वाचलात. सदुसष्टाव्या वर्षी एवढी दगदग करून या दरीत आलात ते नदीसाठी नाही, या रात्रीसाठी, हे तेव्हा कळलं. आणि तीच रात्र तुम्ही दुसऱ्यांना दाखवण्यात घालवलीत.

ध्रुवाची मूठ मी विसरणार नाही. दरी उत्तरेला उघडत होती. सप्तर्षींचा पतंग पश्चिमेकडे उतरला होता, शेपटी वर आणि पतंग खाली. त्यातल्या पुलह आणि क्रतू या दोन ताऱ्यांना जोडणारी रेघ पुढे न्यायला सांगून तुम्ही मला ध्रुव दाखवलात. मग हात ताठ करून मूठ धरायला लावलीत. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. मी मुठीवर मूठ ठेवत गेले, साडेतीनला जरा कमी भरल्या. “साताऱ्यात दोनही भरत नाहीत,” तुम्ही म्हणालात. ध्रुव क्षितिजापासून जितका वर, तितका आपला अक्षांश. शाळेत हे वाक्य मी पाठ केलं होतं. घरापासून किती उत्तरेला आलोय हे त्या रात्री पहिल्यांदा माझ्या हाताला समजलं.

आणि मग उल्कांची मोजणी. तुम्ही हाक मारायची, “गेली!”, मी वेळ लिहायची आणि रेघ ओढायची. चार उभ्या, पाचवी आडवी. पेन्सिलच द्यायची हा तुमचा आग्रह, दव पडलं तरी अक्षर फुटत नाही म्हणून. एका मोठ्या उल्केची रेघ दोन-तीन सेकंद धुरासारखी टिकली तेव्हा स्वयंपाकाच्या तंबूतली मुलंसुद्धा बाहेर धावत आली. हे सगळे स्विफ्ट-टटल धूमकेतूने मागे सोडलेले धूलिकण, तो 133 वर्षांनी सूर्याजवळ येतो, 1992 मध्ये येऊन गेला, असं तुम्ही सांगत होतात. मी विचारलं, केवढा असतो कण? तुम्ही काठावरची चिमूटभर वाळू उचलून माझ्या तळहातावर ठेवलीत आणि त्यावर लाल उजेड धरलात. एवढा. आणि सेकंदाला सुमारे 59 किलोमीटर वेगाने येतो. सकाळी तीच वाळू माझ्या दातांत कचकचत होती. त्या उजेडात तिचा एकेक कण वेगळा दिसत होता, काही चकाकणारे, काही काळे. मी किती वेळ तळहाताकडे बघत बसले होते कोण जाणे, दोन उल्का लिहायच्या राहिल्या. तुम्ही रागावला नाहीत, पण त्या नंतर आठवणीने लिहायच्या नाहीत एवढं बजावलंत. पाहताना लिहिली तीच खरी.

मध्यरात्रीनंतर देवयानी दीर्घिका पूर्वेच्या कड्याच्या वर आली. सरळ बघू नका, जरा बाजूला बघा, मग दिसेल. दिसली. बोट पुसल्यासारखा फिकट डाग, 25 लाख प्रकाशवर्षांवरचा. वर शर्मिष्ठा, खाली ययाती. घरातलं ते जुनं भांडण वर आकाशात अजून चालू आहे असं म्हणून तुम्ही हसलात. एक वाजता आपण वही मिटली. एकूण एक्केचाळीस. तेव्हा माझ्या लक्षात आलं की नदीचा आवाज तेवढाच आहे आणि गेले तीन तास तो मला ऐकूच आलेला नाही.

सकाळी मी राफ्टमध्ये पुढच्या जागेवर बसले. भीती होती, पण हात वल्ह्यावर होते. निम्मूला सिंधूच्या संगमावर पोचलो तेव्हा फोटो, मिठ्या, टॅक्सीची घाई या गोंधळात तुम्हाला नीट नमस्कारसुद्धा केला नाही, ही चुटपुट अजून आहे.

मार्च 2024 मध्ये झंस्कारमधून जाणारा, निम्मू, पदुम आणि दारचा या गावांना जोडणारा रस्ता जोडला गेल्याची बातमी वाचली. हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून चालत जावं लागणाऱ्या त्या लोकांसाठी फार मोठी गोष्ट झाली, आजारी माणूस दवाखान्यात पोचेल. आनंदच वाटला. आणि मग तुम्ही आठवलात. रस्त्यामागून दिवे येतील, म्हणून आत्ताच डोळे भरून बघून घ्या, असं त्या रात्री म्हणाला होतात.

आता वहीबद्दल. ती तुम्हाला परत करायची आहे, पण त्यात तुम्हाला न विचारता मी पुढचं लिहिलं आहे. आपल्या हवेला ययातीचा नाही तर मिथुन राशीचा उल्कावर्षाव मानवतो, डिसेंबरमध्ये आकाश स्वच्छ असतं, हे तुमचंच वाक्य. 2023 मध्येच 13 डिसेंबरला अमावास्या नुकतीच झाली होती. मुलीला घेऊन वेल्ह्याच्या अलीकडे कानंदी नदीच्या काठी जाऊन राहिले. तिच्या टॉर्चला लाल जिलेटीन कागद बांधला. ध्रुव दोन मुठींच्या आत, डोंगराच्या खांद्यावर टेकलेला. रात्री दहा ते दोन, पंचाण्णव. सगळ्या पाहताना लिहिलेल्या, पेन्सिलने. मुलीचं अक्षर माझ्याहून चांगलं आहे, शेवटची दोन पानं तिची आहेत.

अजून तेवीस पानं कोरी आहेत. वही घेऊन आम्ही दोघी साताऱ्याला येऊ. पत्ता तेवढा कळवा.

तुमची,
लेखनिक