'सेट'चे ४३० अर्थ कुणी मोजले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला 'सेट' या इंग्रजी शब्दाचे ४३० अर्थ आहेत असे सांगणारा लेख वाचला. 'सर्वाधिक अर्थांचा शब्द' हे बिरुद आपण अजून त्याच्याच गळ्यात ठेवले आहे, याबद्दल अभिनंदन. ४३० हा आकडा ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९च्या वीसखंडी आवृत्तीतला, आणि तोही क्रियापदाचा. नव्या आवृत्तीसाठी 'रन' या क्रियापदाची नोंद तपासली तेव्हा ६४५ अर्थ निघाले, ही बातमी २०११ची. म्हणजे पहिला नंबर जाऊनही बरीच वर्षे लोटली.

आकडा शिळा आहे, हे एक वेळ चालेल. पण तो कसा मोजतात याचा पत्ता नाही आणि वर विद्यार्थ्यांना 'रोज पाच अर्थ पाठ करा' हा सल्ला! तो कोश ऐतिहासिक आहे. वापरातून गेलेला अर्थ त्यातून काढत नाहीत, फक्त त्यावर खूण करतात. 'सेट अप', 'सेट ऑफ' वगैरे मंडळीही त्याच नोंदीत मुक्कामाला. अर्थांचा क्रम जुन्याकडून नव्याकडे, त्यामुळे तिथला पहिला अर्थ सर्वांत रूढ असेलच असे नाही. विद्यार्थ्यांच्या कोशांत बहुधा उलट, रूढ अर्थ आधी. कुठला कोश हातात आहे हे न बघता 'पहिला अर्थ' उचलला की घोळ झालाच.

खरे तर मराठी माणसाला हा शब्द सोपा जायला हवा. 'सिट' आणि 'सेट' यांचे नाते म्हणजे आपले 'बसणे' आणि 'बसवणे'. हाड बसवणे, अंगठीत खडा बसवणे, कविता चालीत बसवणे: लेखात वेगवेगळे क्रमांक देऊन छापलेले हे अर्थ एका क्रियापदात उरकतात. कपबशांचा 'सेट' मात्र मुळात वेगळाच शब्द. तो जुन्या फ्रेंचमधून आला, त्याचे मूळ लॅटिन 'सेक्टा'. उच्चार जुळला म्हणून दोघांची एकाच घरात सोय लावली गेली. लेखकाने सेट-नेट परीक्षेतला 'सेट' यादीत घेतला नाही, हे उपकारच.

सर्वांत खटकले ते 'सिमेंट सेट होणे म्हणजे टणक व मजबूत होणे' हे वाक्य. साफ चूक. सेट होणे म्हणजे कालवलेल्या सिमेंटचा ओलसर, हवा तसा वळणारा गुण जाणे, बस्स. आपल्याकडच्या मानकानुसार साध्या पोर्टलँड सिमेंटचा सेट होण्याचा आरंभ ३० मिनिटांच्या आत होता कामा नये आणि शेवट ६०० मिनिटांच्या आत झाला पाहिजे. मजबुती ही त्यानंतरची गोष्ट. ती दिवसागणिक वाढते, पाणी मारत राहिले तरच नीट वाढते, आणि तिची नेहमीची चाचणी २८ व्या दिवशी होते. म्हणून साध्या सिमेंटच्या स्लॅबखालचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराला) किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्याला १४ दिवस ठेवायचे असतात. सकाळी ओतलेला स्लॅब संध्याकाळी बोटाला कडक लागतो. पुरवणी वाचून कुणी दुसऱ्या दिवशी सेंट्रिंग काढले, तर स्लॅब खाली वाकेल, चिरा पडतील, किंवा सगळेच अंगावर येईल. 'सेटिंग' आणि 'हार्डनिंग' हे दोन शब्द इंग्रजीत उगाच वेगळे ठेवलेले नाहीत.

जाता जाता आणखी एक. त्याच अंकात, पान सहावर, अमेरिकी सिनेटमध्ये एक प्रस्ताव 'पटलावर मांडण्यात आला' असे छापले आहे. मूळ बातमीत 'टेबल्ड' असणार. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे त्याचा अर्थ सभागृहापुढे ठेवणे, अमेरिकेत मात्र नेमका उलटा, बाजूला सारणे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकी सेनाधिकारी याच शब्दावरून बराच वेळ भांडले होते. दोघांनाही हवे होते एकच. चर्चिल यांनी आपल्या युद्धविषयक आठवणींत हा किस्सा नोंदवला आहे. तेव्हा पान सहावरच्या बातमीत 'प्रस्ताव बासनात गुंडाळला' अशी दुरुस्ती छापावी, आणि शक्यतो वधू-वर जाहिरातींच्या खालच्या कोपऱ्यात नको.

आपला,
एक वाचक, ठाणे