आई, तुझ्या प्रश्नाचे उत्तर

तीर्थरूप आई आणि बाबा यांना,
साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी पीएचडीच्या काळात मी कोणत्या घरात राहायचे हा विषय निघाला आणि आपण तिघेही जरा वरच्या सुरात बोललो, म्हणून या वेळी फोन न करता सगळे लिहून कळवते आहे. फोनवर बाबा आकडे विचारतात, तेवढ्यात आई काळजीचे काही विचारते आणि मी दोघांनाही अर्धी उत्तरे देऊन फोन ठेवते. त्यामुळे, केवळ विद्यापीठ जवळ म्हणून मी घाईघाईने एक लहानशी खोली धरते आहे, असा तुमचा समज झाला आहे. प्रत्यक्षात गेला सव्वा महिना मी चार वस्त्या पालथ्या घातल्या आहेत आणि या चौथ्या वस्तीत तर सकाळी, भर दुपारी, रात्री साडेदहाला आणि एकदा धो धो पावसात अशी चार वेळा जाऊन आले आहे.

आई, तू विचारलेस, "एकटी राहणार, मग आजारी पडलीस तर दाराशी कोण येईल?" या प्रश्नाला मी तेव्हा चिडून उत्तर दिले, कारण तो नेमका माझ्याही मनात होता. तुमच्यापासून मी एक गोष्ट लपवली होती, ती आता सांगते. नोकरी सोडण्याच्या आदल्या वर्षी, त्या उंच इमारतीत १४व्या मजल्यावर राहत असताना, मला सलग तीन दिवस ताप होता. तुम्हाला मी "थोडी सर्दी आहे" एवढेच सांगितले होते. दुसऱ्या रात्री पाणी घ्यायला उठले, स्वयंपाकघराच्या दारात डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तिथेच खाली बसले. फरशीचा गारवा बरा वाटला म्हणून तशीच तासभर बसून राहिले. त्या तीन दिवसांत औषधे आणि सामान घेऊन दोनदा माणसे आली आणि पिशवी दाराबाहेर ठेवून निघून गेली. आमच्या मजल्यावर सहा घरे होती. दीड वर्ष राहूनही त्यांतल्या एकाचेही नाव मला ठाऊक नव्हते आणि माझे त्यांना ठाऊक नव्हते. इमारतीत काही उणे नव्हते; पहारेकरी होते, दोन लिफ्ट होत्या, पाणी चोवीस तास होते. तरीही त्या रात्री मला कळले की मी घर चांगले निवडले होते आणि शेजाराचा विचारच केला नव्हता. या खेपेला मी तो आधी केला.

वसतिगृहाचा तुझा आग्रह मी झटकून टाकला नव्हता. प्रवेश झाल्यावर पहिले तीन आठवडे मी तिथल्या पाहुण्यांच्या खोलीत राहिले, ते त्यासाठीच. मुली गुणी आहेत आणि माझ्याशी आदराने वागतात. पण त्या २२-२३ वर्षांच्या आहेत, त्यांचा दिवस रात्री एक वाजता रंगात येतो आणि मी त्यांच्यात पहिल्या दिवसापासून "ताई" आहे. ताईला सगळे मान देतात, सल्ला विचारतात, पण ती स्वतः रडवेली झाली तर कोणापाशी जाणार? शिवाय सुट्टी लागली की ते वसतिगृह रिकामे होते, आणि पीएचडी करणाऱ्याला तशी सुट्टी नसते. म्हणजे ज्या दिवसांत मी सर्वांत एकटी असणार, त्याच दिवसांत जिन्यावर चिटपाखरू नसणार.

बाबा, आता तुम्ही सुचवलेल्या दूरच्या घराविषयी. दोन खोल्या, मोठी गॅलरी आणि भाडे या खोलीच्या जवळजवळ निम्मे. कागदावर ते घर सरस आहे हे मला मान्य आहे. तुम्ही आम्हाला लहानपणापासून हिशेब मांडून बोलायला शिकवलेत, म्हणून मांडते. तिथून विद्यापीठात पोहोचायला एका बाजूने ७० मिनिटे लागतात. मी दोन वेगवेगळ्या दिवशी घड्याळ लावून पाहिले. येऊन-जाऊन १४० मिनिटे, आठवड्याचे पाच दिवस आणि वर्षाचे ४५ आठवडे धरले तर ५२५ तास होतात. आठ तासांचा एक दिवस मानला तर वर्षातले ६५ कामाचे दिवस केवळ वाटेवर जातात. प्रबंधाला चार वर्षे लागणार असतील तर हा आकडा २,१०० तासांवर जातो, आणि विशीत असे तास उधळता येतात तसे आता येत नाहीत. या पदवीसाठी मी नऊ वर्षांची नोकरी सोडली आहे. पगार सोडून मी वेळच विकत घेतला आहे, असे म्हणायला हरकत नाही.

माणसे प्रवासाला किती वेळ देतात याचा अभ्यास अनेकांनी केला आहे. चेझारे मार्केटी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये असे मांडले की वाहने कितीही बदलली तरी माणूस सरासरीने दिवसाला साधारण एक तासच प्रवासात घालवतो, आणि शहरे त्या तासाच्या हिशेबाने पसरतात. मी सव्वादोन तास देऊ पाहत होते. घर मोठे आणि भाडे कमी असले की अंतराची भरपाई होते, असे तुम्ही म्हणालात आणि अर्थशास्त्राचे साधे गणितही तेच सांगते. पण ब्रुनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतील कुटुंबांची अनेक वर्षांची माहिती तपासून २००८ मध्ये दाखवले की लांबून कामाला येणारी माणसे आयुष्याविषयी कमी समाधानी असतात; जी भरपाई व्हायला हवी ती प्रत्यक्षात होत नाही. मोठ्या खोलीची सवय होते, रोजच्या ताटकळण्याची होत नाही, असा त्याचा अर्थ मी माझ्यापुरता लावला.

तिसऱ्या वस्तीबद्दल फार लिहीत नाही. ती तरुण नोकरदारांची आवडती वस्ती आहे, दिसायला देखणी आहे, आणि तिथे कोणीच वर्षाच्या वर टिकत नाही. रात्री अकराला खिडक्या लावून मी फोनवरच्या मापकाने आवाज मोजला, तो ५२ डेसिबल भरला. फोनचे माप काटेकोर नसते हे खरे, पण शांत झोपेसाठी खोलीतला सततचा आवाज ३० डेसिबलच्या वर जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये सांगितले आहे, आणि दर दहा डेसिबलला कानाला आवाज जवळजवळ दुप्पट वाटतो. त्याच भागात एका घरमालकांनी, घरात पुरुष माणूस कोण असेल, असे विचारले आणि "कोणी नाही" म्हटल्यावर खोली दाखवायचेही टाळले. त्याचे मला वाईट वाटले, पण त्या दिवशी तुम्हाला सांगितले नाही.

आता मी निवडलेली जागा. रस्ता अरुंद आहे आणि दोन्ही बाजूंना दोन-तीन मजली घरे आहेत. काही पन्नास-साठ वर्षांची, काही अगदी नवी. खाली दुकाने आहेत, एक शिवणकामाचे, एक छपाईचे, एक औषधांचे, आणि वर माणसे राहतात. शहरांविषयी लिहिणाऱ्या जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये लिहिले होते की रस्ता सुरक्षित राहतो तो मुख्यतः त्यावर सतत असणाऱ्या नजरांमुळे, आणि त्या नजरा टिकायच्या तर रस्त्यावर निरनिराळ्या वेळी निरनिराळ्या कामांनी येणारी माणसे हवीत, नवी घरे हवीत आणि कमी भाड्याची जुनीही हवीत. आमच्या समाजशास्त्रात हे सगळ्यांना पाठ असते. मी ते अनुभवले, ते असे. पहिल्या दिवशी घर शोधत गल्लीत शिरले, तर तीन जणांनी मला थांबवून विचारले, "कोणाकडे जायचे आहे?" दूरच्या त्या घरी मी दोनदा गेले होते, तिथे कोणी मान वर करून पाहिलेही नव्हते. रात्री साडेदहाला बसथांब्यापासून चालत आले तेव्हा रस्त्यावरचे ११ दिवे मोजले; त्यांपैकी दोन बंद होते, पण छपाईच्या दुकानात काम चालू होते आणि त्याचा उजेड नेमका त्या दोन खांबांमधल्या अंधारात पडत होता. दुकान बंद असेल त्या दिवशी काय, हा तुझा पुढचा प्रश्न मला ऐकू येतो आहे, आई. त्या दिवशी मी शाळेच्या बाजूने येईन. ती वाट चार मिनिटांनी लांब आहे, पण पूर्ण उजेडाची आहे.

घरात शिरायला एकच जिना आहे, आणि माझ्या निवडीत त्या जिन्याचा वाटा मोठा आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत दुसऱ्या महायुद्धानंतर विवाहित विद्यार्थ्यांसाठी घरे बांधली होती. तिथे कोणाची मैत्री कोणाशी होते, याचा अभ्यास लिओन फेस्टिंगर, स्टॅनली शाख्टर आणि कर्ट बॅक यांनी करून तो १९५० मध्ये प्रसिद्ध केला. घरे क्रमवारीने मिळालेली, म्हणजे शेजारी कोणी निवडलेला नव्हता. तरीही एका मजल्यावरच्या लगतच्या घरांत मैत्री होण्याचे प्रमाण सुमारे ४१ टक्के निघाले आणि त्याच मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत सुमारे १० टक्के. अंतर काही पावलांचेच होते. आणखी विशेष असे की तळमजल्यावर जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना वरच्या मजल्यावरचे मित्र जास्त मिळाले, कारण वरच्यांची ये-जा त्यांच्या दारावरून होती. हा अभ्यास मी विशीत परीक्षेसाठी वाचला होता. तिशी ओलांडून, एकटी असताना घर शोधायला निघाले तेव्हा त्याचा अर्थ उमगला. कॉलेजात मैत्रिणी आपोआप मिळतात, कारण रोज त्याच वर्गात बसावे लागते. लग्न करून, मुलेबाळे होऊन माझ्या मैत्रिणी आपापल्या संसारात गुंतल्या, यात त्यांचा काही दोष नाही. पण आता नवी ओळख व्हायची तर ती वारंवार सहज दिसण्यातूनच होणार, आणि सहज दिसण्यासाठी वाट एक असावी लागते.

या घराच्या जिन्याखाली एक जुने लाकडी बाकडे आहे आणि त्याच्यावर पत्रांच्या सहा पेट्या आहेत. पेट्यांवर नावे वेगवेगळ्या अक्षरांत लिहिली आहेत. एकीवर जुने नाव खोडून त्याखाली नवे लिहिलेले आहे. मी तिसऱ्यांदा गेले तेव्हा तळमजल्यावरच्या बाई त्या बाकड्यावर बसून शेंगा सोलत होत्या. शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत, तुझ्याच वयाच्या असाव्यात. त्यांनी मला काय शिकते, किती वर्षांचे काम आहे, रात्री उशिरापर्यंत दिवा लागेल का, असे सगळे विचारून घेतले आणि शेवटी स्वतः होऊन म्हणाल्या, "दोन दिवस खाली उतरली नाहीस तर मी दार वाजवीन, चालेल ना?" मी "चालेल" म्हटले आणि वर जाऊन खिडकीपाशी थोडा वेळ उभी राहिले.

खोलीचे म्हणाल तर ती सुमारे ३०० चौरस फुटांची आहे, दुसऱ्या मजल्यावर, मागच्या बाजूला. खिडकी उत्तरेला असल्यामुळे दिवसभर सारखा उजेड असतो आणि चार फुटी टेबल तिच्यासमोर नेमके बसते. रात्री खिडकी लावून आवाज ३३ डेसिबल भरला. सकाळी सातला नळाला जोर चांगला होता. ग्रंथालय चालत १५ मिनिटांवर आहे आणि दवाखाना त्याच वाटेवर आहे.

आता उणे बाजूही लिहिते. भाडे विद्यावेतनाच्या ३८ टक्के आहे. उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत भाडे असावे, असा जो सर्वत्र सांगितला जाणारा नियम आहे, तो मी मोडते आहे. मात्र तो अमेरिकेतील सरकारी घरांसाठी ठरवलेल्या मर्यादेवरून रूढ झाला, आणि ती मर्यादा आधी २५ टक्के होती, १९८१ मध्ये ती ३० करण्यात आली. त्यात प्रवासखर्च धरलेला नाही, आणि माझा प्रवासखर्च आता शून्यावर येतो. तरीही जी तूट पडेल ती मी नोकरीतल्या शिलकीतून भरणार आहे आणि त्यासाठी चार वर्षांची रक्कम वेगळी काढून ठेवली आहे. तुमच्याकडे मागणार नाही आणि तुम्ही पाठवू नये, अशी विनंती आहे. लिफ्ट नाही, जिन्याला ३४ पायऱ्या आहेत. बाबा, तुमच्या गुडघ्यांना त्या त्रासाच्या आहेत हे मी विसरलेले नाही. पहिल्या वळणावर टेकायला रुंद कठडा आहे आणि तुम्ही याल तेव्हा सामान मी आधी वर नेऊन ठेवीन.

भाडेकराराचा मसुदा सोबत पाठवते आहे. बाबा, सहावे आणि नववे कलम काळजीपूर्वक वाचा. अनामत रक्कम किती दिवसांत परत मिळेल हे सहाव्यात स्पष्ट नाही असे मला वाटते आणि सही करण्यापूर्वी ते लिहून घ्यायचे आहे. आई, वेगळ्या चिठ्ठीवर तळमजल्यावरच्या बाईंचा फोन नंबर आहे. त्यांना विचारूनच तुला देते आहे. संध्याकाळी सहानंतर त्या घरी असतात आणि तुझ्या फोनची वाट पाहतील.

तुमची लेक