तेराव्या अध्यायाबद्दल पाळकसाहेबांना आभाराचे पत्र

आदरणीय पाळकसाहेब,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

यंदाच्या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात, आपण योहानकृत शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायावर बायबल अभ्यास घेतलात, त्याबद्दल मी सर्वांसमक्ष आपले आभार मानते. नम्रतेविषयीची माझी जुनी अडचण त्यामुळे सुटली.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील आमच्यासारख्या अनेक कुटुंबांचे पूर्वज १९ व्या शतकात महार-मांग वस्त्यांतून ख्रिस्ती मंडळीत आले. मान खाली घालून जगणे ज्यांच्यावर पिढ्यानपिढ्या लादले गेले, त्यांनाच पुन्हा ‘नम्र व्हा’ असा उपदेश करावा, हे मला कधी पटले नव्हते. आणि तसे उघड विचारले तर तोच गर्व ठरण्याची भीती होती.

या अध्यायात येशू आपल्या शिष्यांचे पाय धुतो; आपण आम्हांला त्या पाय धुण्याच्या आधीच, तिसऱ्या वचनावर थांबवलेत. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जात आहोत, हे ओळखूनच येशू भोजनावरून उठतो, बाह्यवस्त्रे काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो आणि दासाचे काम करतो. आपली योग्यता तो नाकारत नाही; शिष्य आपल्याला गुरू व प्रभू म्हणतात ते योग्यच आहे, असे तो नंतर स्पष्ट सांगतो. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातही, जो देवाच्या स्वरूपाचा होता त्यानेच स्वतःला रिक्त केले, असा क्रम आहे. ज्याचा मान हिरावून घेतला गेला त्याच्याकडून नम्रता वसूल करायची नसते, हे आपण या वचनांच्या आधारे सांगितलेत, तेव्हा आमच्या मागच्या बाकांवरील वृद्ध स्त्रियाही सरसावून बसल्या.

मात्र आम्हांला आपण मोकळे सोडले नाहीत. ‘माझे पाय धुवायचे नाहीत’ असे शिष्य पेत्र म्हणतो, ते वरवर लीनतेचे दिसते. पण गुरूने कोणती सेवा करावी हे शिष्यच ठरवू पाहतो, हे आपण दाखवून दिलेत. मला तर घेण्यातली ही नम्रता देण्यातल्या नम्रतेपेक्षा अवघड वाटते. शिवाय येशूला धरून देणाऱ्या यहूदाचेही पाय त्या रात्री धुतले गेले, कारण तो उठून बाहेर गेला तो त्यानंतर; ही गोष्ट आम्ही आजवर वाचूनही वगळत आलो होतो. लूकच्या १८ व्या अध्यायातील दृष्टान्तातल्या परूश्याचे, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्याचे, आठवड्यातले दोन उपवास आणि दशमांश (उत्पन्नाच्या दहाव्या भागाचे दान) आपण खोटे ठरवले नाहीत, त्याने स्वतःला मोजण्यासाठी शेजारच्या, पापी समजल्या जाणाऱ्या जकातदाराला मापदंड केले यावर बोट ठेवलेत, याबद्दलही मी ऋणी आहे.

एक विनंती आहे. कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल दिखाऊ लीनतेविरुद्ध इशारा देतो. पुढील अभ्यासासाठी आपण तो भाग घ्यावा, असे आमच्या महिला मंडळातील सर्वांनाच वाटते.

आपली कृतज्ञ,
मंडळीतील एक सभासद