कन्सोलसाठी वरचा प्लॅन कशाला? घरात एक वायर टाका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळीचा बोनस झाला किंवा दहावी-बारावीचा निकाल लागला की मुंबईतील अनेक मध्यमवर्गीय घरांत, मुलांनी दीर्घकाळ धोशा लावल्यानंतर, अखेर गेमिंग कन्सोल येतो. कन्सोलच्या किमतीची तजवीज पालकांनी केलेली असते, पण त्यानंतरच्या खर्चाचा अंदाज कोणालाच नसतो. खेळ अडकत चालतो, मित्रांचा आवाज तुटतो आणि तक्रार केली की इंटरनेट कंपनीचा माणूस एकच उपाय सांगतो : वरचा प्लॅन घ्या. कार्यालयांत नेटवर्कच्या वायरी टाकणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे लालबाग-परळ परिसरातील ओळखीच्या कुटुंबांच्या अशा तक्रारी माझ्यापर्यंत सतत येतात. त्यांपैकी बहुतेक घरांचा प्रश्न राउटरपासून कन्सोलपर्यंतच्या आठ-दहा मीटरांतच अडकलेला असतो आणि तो एकदाच केलेल्या पाचेकशे रुपयांच्या खर्चात सुटतो, हे पालकांना कोणीतरी स्पष्टपणे सांगायला हवे, म्हणून हे पत्र.

वरच्या प्लॅनचा हिशेब आधी करू. महिन्याला तीनशे रुपये जास्त मोजले, तर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून वर्षाला ४,२४८ रुपये होतात. एवढ्या पैशांत मिळते ते जास्त ‘एमबीपीएस’, म्हणजे एका सेकंदात किती माहिती येऊ शकते त्याचे माप. प्रत्यक्ष खेळताना मात्र कन्सोल फारच थोडी माहिती देतो-घेतो. बहुतेक ऑनलाइन खेळांना तासाला साधारण शंभर मेगाबाइटच्या आसपास डेटा पुरतो, आणि चाळीस एमबीपीएसच्या साध्या जोडणीलाही तो ओझे वाटत नाही. खेळणाऱ्याला ज्याची गरज असते ते माप वेगळे आहे. मुलाने बटण दाबल्यावर तो संदेश सर्व्हरपर्यंत, म्हणजे खेळ चालवणाऱ्या दूरच्या संगणकापर्यंत, जाऊन उत्तर परत यायला किती मिलिसेकंद लागतात आणि तो काळ दर वेळी सारखा राहतो का, यावर खेळ सुरळीत चालणे अवलंबून असते. मुले याला पिंग म्हणतात. प्लॅनच्या जाहिरातीत हा आकडा क्वचितच दिसतो.

खरे म्हणजे या बाबतीत मुंबईकर नशीबवान आहेत. परदेशातून येणाऱ्या समुद्राखालच्या केबल वर्सोव्याला किनाऱ्यावर येतात, नवी मुंबईत मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत, आणि ॲमेझॉनने आपल्या क्लाउड सेवेचे मुंबई केंद्र २०१६ मध्येच सुरू केले. ज्या खेळाचा सर्व्हर मुंबईत आहे त्याचा संदेश आपल्या फायबरवरून काही मिलिसेकंदांत जाऊन येतो. सर्व्हर सिंगापूरला असेल तर गोष्ट वेगळी. मुंबई ते सिंगापूर हे अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर आहे आणि काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, त्यामुळे केबल अगदी सरळ रेषेत टाकली असती तरी जाण्यायेण्याला चाळीस मिलिसेकंद लागलेच असते. हे चाळीस मिलिसेकंद कोणत्याही कंपनीचा कोणताही प्लॅन कमी करू शकत नाही. म्हणून खेळाच्या सेटिंगमध्ये सर्व्हरचा विभाग निवडता येत असेल, तर तो तपासणे हा पहिला आणि फुकटचा उपाय आहे.

मग एवढ्या चांगल्या जोडणीचे घरात मातेरे कुठे होते? फायबरची वायर जिथून घरात शिरते तिथेच, बहुधा दरवाजाच्या वर किंवा पोटमाळ्यावर, कंपनीचा माणूस राउटर ठोकून जातो. टीव्ही आणि कन्सोल असतो आतल्या खोलीत, मध्ये एक-दोन भिंती आणि एखादे लोखंडी कपाट. त्यातच आपल्या वस्तीची दाटी अशी की मोबाइलवर वायफायची यादी उघडली तर शेजाऱ्यांची, वरच्या-खालच्या मजल्यांची आणि समोरच्या इमारतीतील नावे संपता संपत नाहीत. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच बसतात : १, ६ आणि ११. सगळ्या इमारतीचे राउटर या तीन चॅनेलांत दाटीवाटी करतात, ब्लूटूथची साधने आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात गोंगाट करतात, आणि प्रत्येक साधनाला हवा मोकळी होईपर्यंत थांबावे लागते. यूट्यूबवर चित्रफीत पाहताना हे थांबणे जाणवत नाही, कारण पुढचा भाग आधीच उतरवून ठेवलेला असतो. खेळात पुढचा क्षण आधी उतरवून ठेवता येत नाही.

जुना कन्सोल विकत घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. काटकसरीने खरेदी करणारी कितीतरी कुटुंबे वापरलेला प्लेस्टेशन ४ घेतात, आणि त्यात काही गैर नाही. मात्र २०१३ साली आलेल्या मूळ प्लेस्टेशन ४ मध्ये फक्त २.४ गिगाहर्ट्‌झचे वायफाय आहे. ५ गिगाहर्ट्‌झची, म्हणजे कमी गर्दीच्या दुसऱ्या पट्ट्याची, सोय २०१६ च्या स्लिम आणि प्रो या मॉडेलांपासून आली. यंत्राच्या मागे ‘सीयूएच’ (CUH) या अक्षरांपुढे जो चार आकडी क्रमांक असतो तो १ ने सुरू होत असेल तर ते जुने मॉडेल, २ ने होत असेल तर स्लिम आणि ७ ने होत असेल तर प्रो. जुन्या मॉडेलसाठी नवा महागडा ड्युअल बँड (दोन्ही पट्ट्यांवर चालणारा) राउटर आणून काडीचाही उपयोग होत नाही, कारण कन्सोलला तो दुसरा पट्टा दिसतच नाही. याच मॉडेलच्या मागे लॅन केबलचा, म्हणजे राउटरला थेट जोडणाऱ्या वायरीचा, गिगाबिट पोर्ट मात्र पहिल्यापासून आहे, आणि तो बहुतेक घरांत धूळ खात पडलेला असतो.

आता वायरीविषयी. ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर लॅन केबल मीटरवर मिळते आणि दुकानदार तिथल्या तिथे दोन्ही टोकांना कनेक्टर लावून देतो. कॅट-५ई प्रतीची केबल शंभर मीटरपर्यंत सेकंदाला एक गिगाबिट नेऊ शकते, म्हणजे घरासाठी ती पुरून उरते. कॅट-६ थोडी जाड आणि थोडी महाग असते, घेतली तरी हरकत नाही. खरी काळजी घ्यायची ती तांब्याची. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा दिलेला असतो. तार ब्लेडने किंचित खरवडून पाहावी. आत रुपेरी दिसली तर ती केबल परत करावी, कारण अशी तार वाकवताना तुटते आणि कनेक्टरमध्ये कालांतराने सैल पडते.

कनेक्टर लावताना शक्य तर समोर उभे राहावे. कारागीर बाहेरचे आवरण सोलतो, पिळलेल्या चार जोड्या उलगडतो आणि आठ तारा चिमटीत धरून ओळीने लावतो : पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. मग टोके एका रेषेत कापून ती कनेक्टरमध्ये इतकी आत सारतो की समोरून पाहिले तर तांब्याचे आठ ठिपके दिसतात, आणि त्यानंतर पक्कड दाबतो. दोन्ही टोकांना हाच क्रम हवा. टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागलेले पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आठपैकी ठरावीक चारच तारा जुळल्या तरी जोडणी चालू होते, पण ती शंभर एमबीपीएसवरच अडकते आणि दोष कुठे आहे हे पुढे कळत नाही. केबल टाकताना दरवाजाच्या चौकटीवरून किंवा भिंतीच्या तळाशी प्लास्टिकच्या केसिंग पट्टीतून न्यावी, विजेच्या वायरीच्या पट्टीत ती कोंबू नये आणि कोपऱ्यात काटकोनात मोडू नये. भिंत फोडावी लागत नाही, वायरमनही लागत नाही.

भाड्याच्या घरात मालक खिळा ठोकू देत नाही, ही अडचण खरी आहे. अशा वेळी कपाटात पडलेला जुना राउटर कामी येऊ शकतो. त्यात क्लायंट किंवा ब्रिज अशी सोय असेल, तर तो घरातील वायफाय पकडून शेजारी ठेवलेल्या कन्सोलला छोट्या केबलने जोडता येतो, आणि तो ५ गिगाहर्ट्‌झ पकडणारा असेल तर जुन्या प्लेस्टेशन ४ लाही त्या पट्ट्याचा लाभ मिळतो. घरातील विजेच्या वायरीवरून इंटरनेट नेणारे ॲडॅप्टरही मिळतात, परंतु जुन्या इमारतींच्या वायरिंगवर त्यांचा भरवसा नसतो. विकत घेण्यापूर्वी कोणाकडून तरी उसने आणून पाहावेत. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर खेळता येते, फक्त कन्सोलचे आपोआप होणारे अपडेट आधी बंद करावेत, नाहीतर दिवसाचा दोन जीबी डेटा खेळ सुरू होण्यापूर्वीच संपेल.

जास्त एमबीपीएसचा खरा उपयोग एकाच ठिकाणी होतो, तो म्हणजे खेळ उतरवून घेताना. ८० जीबीचा खेळ शंभर एमबीपीएसने पावणेदोन तासांत उतरतो आणि चाळीसने साडेचार तासांत. मुलाच्या दृष्टीने हा फरक मोठा असेलही. पण रात्री झोपताना डाउनलोड लावून कन्सोल रेस्ट मोडमध्ये ठेवला तर दोन्ही प्लॅनवर सकाळी खेळ तयारच असतो. वर्षाचे सव्वाचार हजार रुपये या फरकासाठी द्यायचे का, हे पालकांनी ठरवावे. मी देणार नाही.

एका बाबतीत मात्र ग्राहक कितीही काटकसरी आणि जाणकार असला तरी त्याचे हात बांधलेले असतात. आयपीव्ही-४ पद्धतीत इंटरनेटवरील पत्ते जेमतेम ४२९ कोटी आहेत, आणि आशिया-पॅसिफिकच्या वाट्याचा शेवटचा मोठा साठा २०११ मध्येच वाटपासाठी उघडावा लागला. त्यामुळे अनेक कंपन्या शेकडो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. वेबसाइट पाहणाऱ्याला याने फरक पडत नाही, पण जे खेळ एका खेळाडूच्या कन्सोलला थेट दुसऱ्याच्या कन्सोलशी जोडतात त्यांत मित्राच्या गटात शिरता येत नाही किंवा आवाज ऐकू येत नाही. प्लेस्टेशनवर नेटवर्क चाचणी केली की ‘एनएटी टाइप ३’ (NAT Type 3) असे दिसते, एक्सबॉक्सवर ‘स्ट्रिक्ट’. एनएटी म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक साधनांना वापरता यावा म्हणून वाटेत होणारी पत्त्यांची अदलाबदल. पुष्कळदा हा दोष घरातलाच असतो : कंपनीच्या डब्याला आपण आपला दुसरा राउटर जोडलेला असतो आणि दोन्ही यंत्रे पत्ते बदलत बसतात. आपला राउटर पत्ते न बदलता फक्त वायफाय पुरवणाऱ्या ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाकला किंवा कन्सोलची केबल थेट कंपनीच्या डब्यात लावली की तो विनाखर्च मिटतो. परंतु राउटरच्या सेटिंगच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होणारा दिसला, तर गाठ कंपनीच्या बाजूला आहे हे समजावे आणि वरचा प्लॅन घेऊन ती सुटेल असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. माझ्या परिचयातील एका कुटुंबाला असेच सांगून वर्षभराचे पैसे आगाऊ भरून घेण्यात आले आणि अडचण होती तिथेच राहिली. या वागण्याचा मला मनापासून संताप येतो. ग्राहकाला स्वतंत्र पत्ता मिळणार की सामायिक, आणि स्वतंत्र हवा असल्यास त्याचे शुल्क किती, हे जोडणीच्या अर्जावरच मराठीत छापण्याची सक्ती दूरसंचार नियामकाने करावी.

ऑनलाइन खेळण्याच्या वर्गणीबाबत एवढेच, की फोर्टनाइटसारखे मोफत खेळ प्लेस्टेशनवर आणि एक्सबॉक्सवर मासिक वर्गणीशिवाय ऑनलाइन खेळता येतात. विकत घेतलेल्या बहुतेक खेळांना ती लागते. एक्सबॉक्स ३६० स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नये, कारण त्याचे ऑनलाइन दुकान जुलै २०२४ मध्ये बंद झाले आहे.

शेवटचा मुद्दा गिरणगावातील, गिरगावातील आणि उपनगरांतील पुनर्विकासाच्या उंबरठ्यावर असलेल्या सोसायट्यांसाठी. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीनुसार मानांकन देण्याचे विनियम केले आहेत, पण विकासकाशी होणाऱ्या करारांच्या मसुद्यांत या गोष्टीचा मागमूस नसतो. त्या मसुद्यांत टाइल्सचा आकार, ओट्याचा ग्रॅनाइट आणि नळांचा दर्जा ओळीओळीने लिहिलेला असतो, बैठकांत त्यावर तासन्‌तास चर्चा होते, आणि इंटरनेटची वायर कुठून येणार याचा उल्लेख नसल्याने ताबा मिळाल्यावर नव्या कोऱ्या घराच्या दरवाजावर पुन्हा राउटर लटकतो. भिंतीत विजेचे पाइप टाकले जात असतानाच, फायबर जिथे घरात येते तिथून टीव्हीच्या भिंतीपर्यंत आणि प्रत्येक खोलीपर्यंत लॅन केबलसाठी एक वेगळा रिकामा पाइप टाकायला विकासकाला येणारा खर्च नगण्य आहे. प्लास्टर झाल्यावर तेच काम करायला रहिवाशाला भिंत खणावी लागते. ज्या सोसायट्यांचे करार अद्याप सह्यांसाठी यायचे आहेत त्यांच्या कार्यकारिणीने विजेच्या कामांच्या परिशिष्टात हा पाइप, त्याचा मार्ग आणि दोन्ही टोकांचे बॉक्स यांची नोंद आत्ताच करून घ्यावी, आणि इमारतीच्या डक्टमध्ये एकाहून अधिक कंपन्यांच्या वायरींना जागा राहील असे कलमही घालावे.

आपला,
एक वाचक, लालबाग, मुंबई