घास गिळताना काय होतं, हे तुम्ही तिला विचारलंत

डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

माझ्या मुलीला तुमच्याकडे आणलं तेव्हा ती 14 वर्षांची होती आणि वर्षभरात तिचं वजन 6 किलो उतरलं होतं. तोवर प्रत्येकाचं निदान ठरलेलं होतं. नातेवाइकांच्या मते फाजील लाड, शाळेच्या मते डाएटचं खूळ, आधीच्या डॉक्टरांच्या मते ॲनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीनं खाणं तोडण्याचा आजार. मीही तिच्या ताटावर पहारा द्यायला लागले होते. "एवढं संपवल्याशिवाय उठायचं नाही," हे मी किती वेळा बोलले ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

तुम्ही मला बाहेर बसवून तिच्याशी एकटीशी बोललात. वजन वाढलं तर तुला कसं वाटेल, असं विचारलंत. ती म्हणाली, वाढायलाच हवंय, खेळताना दम लागतो. मग विचारलंत, घास गिळताना काय होतं? हा प्रश्न तिला तोवर कोणीच विचारला नव्हता, मीसुद्धा नाही. छातीच्या मधोमध बोट ठेवून ती म्हणाली, "इथं अडकतं."

तुम्ही तिला समोर बसवून एक बिस्किट खायला दिलंत. एवढासा तुकडा, कितीतरी वेळ चावणं, वर दोन घोट पाणी. घरी रोज डोळ्यांसमोर हेच चाललं होतं आणि मी त्याला टाळाटाळ म्हणत होते.

एंडोस्कोपीत अन्ननलिका वरवर ठीकच दिसली, तरी तुम्ही वेगवेगळ्या जागचे 6 नमुने तपासायला पाठवलेत. त्यात इओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशींची गर्दी सापडली. इओसिनोफिलिक इसोफेजायटिस, म्हणजे ॲलर्जीच्या अंगानं येणारी अन्ननलिकेची सूज.

आधीच्या डॉक्टरांना मात्र तुम्ही नावं ठेवली नाहीत. ती शंका घ्यायलाच हवी होती, म्हणालात. ॲनोरेक्सियात रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल येऊनही जिवाला धोका असू शकतो. म्हणून पहिल्याच भेटीत तिला झोपवून आणि उभं करून नाडी, रक्तदाब मोजलात. "वजन वाढायला हवंय" एवढ्या वाक्यावर विसंबला नाहीत, कारण तो आजार लपवणाऱ्या मुलीही असंच बोलतात. वाढीचा तक्ता, पाळी, चोरून व्यायाम, उलट्या, सगळं शांतपणे तपासलंत.

औषधानं सूज उतरली, पण भीती उतरेना. घास तोंडाशी नेऊन ती परत खाली ठेवायची. निदान चुकलं की काय, म्हणून मी रडतच आले. तेव्हा तुम्ही अर्फिड समजावून सांगितलंत. मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-5 या पुस्तिकेत 2013 साली आलेलं हे नाव. यात माणूस अन्न टाळतो, पण बारीक होण्यासाठी नाही. कुणाला पदार्थाचा वास किंवा स्पर्श सोसत नाही, कुणाला खाण्यात रसच नसतो, कुणाला घास अडकण्याची धास्ती. शरीराचा आजार आणि त्यातून उरलेली भीती, दोन्ही एकाच मुलीत असू शकतात आणि दोन्हींवर उपचार लागतात, हे मला त्या दिवशी कळलं. "ती हट्ट करत नाहीये," हे तुम्ही तिच्यासमोर म्हणालात. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिची माफी मागितली.

मानसोपचारतज्ज्ञांबरोबर पुढचे सात महिने एकेक पदार्थ, एकेक पायरी असे गेले. परवा रात्री ती माझ्याआधी जेवून उठली. तिच्या ताटाशेजारचा पाण्याचा पेला अर्धा भरलेला होता.

तुमची ऋणी,
तिची आई